स्वप्नातल्या दहा उठाबशा

प्रयोगशाळेतल्या पलंगावर एक माणूस झोपलेला आहे. डोक्याला तारा चिकटवल्या आहेत, डोळ्यांच्या कडांनाही. त्याला काम नेमून दिलंय. स्वप्न पडलं आणि ‘हे स्वप्न आहे’ असं स्वप्नातच उमगलं, की आधी खूण करायची. मग एकवीसपासून पंचवीसपर्यंत आकडे मोजायचे, पुन्हा खूण करायची, दहा उठाबशा काढायच्या आणि परत खूण करायची. उठाबशा काढायच्या त्या स्वप्नातल्या पायांनी. पलंगावरचे पाय तसूभरही हलत नाहीत.

जर्मनीतल्या डॅनियल एर्लाखर आणि मिखाएल श्रेडल या संशोधकांचा हा प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. (मोजणी एकवीसपासून का, तर जर्मन भाषेत ‘एकवीस’ म्हणायला साधारण एक सेकंद लागतो आणि तिथले लोक सेकंद असेच मोजतात.) आकडे मोजायला स्वप्नात जवळपास जागेपणीइतकाच वेळ लागला. उठाबशांना मात्र सुमारे ४० टक्के जास्त लागला. म्हणजे जागेपणी २० सेकंदांत होणारं काम स्वप्नात २८ सेकंदांवर गेलं.

हे वाचलं तेव्हा मी थबकलो, कारण आपली समजूत नेमकी उलटी असते. स्वप्नात काळ धावतो, असंच आपण ऐकत आलोय. पाणी आणायला गेलेला नारद संसारात पडतो, मुलंबाळं होतात, पुरात सगळं वाहून जातं आणि इकडे देव अजून पाण्याची वाट बघत बसलेला असतो. युरोपात ही समजूत पक्की केली ती आल्फ्रेद मोरी या फ्रेंच विद्वानाच्या स्वप्नाने. त्याला फ्रेंच राज्यक्रांतीचं लांबलचक स्वप्न पडलं. खटला, शिक्षा, गर्दीतून वधस्तंभाकडे नेणारी गाडी, आणि शेवटी मानेवर पडणारं गिलोटिनचं पातं. दचकून जागा झाला, तर पलंगाचा दांडा निसटून त्याच्या मानेवर पडला होता. मोरीचा निष्कर्ष असा, की दांडा पडल्यापासून जाग येईपर्यंतच्या क्षणात ते अख्खं स्वप्न रचलं गेलं. गोष्ट इतकी चटकदार होती की शंभर वर्षं ती पुराव्यासारखी सांगितली गेली. पण होती ती एका माणसाची आठवण. तिच्याशेजारी घड्याळ नव्हतं.

घड्याळ आलं ते शिकागोत. १९५३ मध्ये असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतला असा टप्पा दाखवून दिला, ज्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. याला आरईएम (रॅपिड आय मूव्हमेंट) झोप म्हणतात आणि ठसठशीत स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात. १९५७ मध्ये डिमेंट आणि क्लाइटमन यांनी झोपलेल्यांना हा टप्पा सुरू झाल्यावर कधी ५ मिनिटांनी, कधी १५ मिनिटांनी उठवलं आणि विचारलं, स्वप्न किती वेळ चाललं होतं, पाच की पंधरा? १११ वेळा विचारलं, त्यातली ९२ उत्तरं बरोबर आली. काळ खरोखर क्षणात आवळला जात असता, तर हा अंदाज इतका जमला नसता.

तरीही ही साक्ष जागं झाल्यानंतरची. स्वप्न चालू असतानाच वेळ मोजायचा कसा? स्वप्नातल्या घड्याळाचा उपयोग नाही. त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं की आकडे बदललेले असतात, असा स्वप्नात सजग राहणाऱ्यांचा, म्हणजे ‘हे स्वप्न आहे’ हे स्वप्नातच उमगणाऱ्यांचा, नेहमीचा अनुभव आहे. हात हलवून खूण करावी, तर आरईएम झोपेत मेंदू मानेखालचे जवळपास सगळे स्नायू ढिले करून टाकतो. सुटतात ते मुख्यतः श्वासाचा पडदा आणि डोळे हलवणारे स्नायू.

डोळे! स्वप्नात डावीकडे-उजवीकडे नजर फिरवली, तर पलंगावरची खरी बुबुळंही तशीच फिरतात आणि बाहेर कागदावर ठळक रेघ उमटते. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ही युक्ती वापरली. १२ एप्रिल १९७५ च्या सकाळी आठच्या सुमारास त्यांच्या प्रयोगातल्या ॲलन वर्सली यांनी स्वप्नाच्या आतून ठरलेली खूण पाठवली. वेळ साखरझोपेची होती, आणि त्यातही अर्थ आहे. रात्रीचा पहिला आरईएम टप्पा जेमतेम दहा मिनिटांचा असतो, पहाटेकडे तो लांबत जातो. झोपलेल्या माणसाने स्वप्नातून जाणूनबुजून बाहेर निरोप धाडला, ही घटना मला विसाव्या शतकातल्या फार मोठ्या घटनांपैकी एक वाटते. हर्न यांच्या कामाबद्दल माहीत नसताना अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनीही हाच मार्ग काढला. त्यांनी स्वप्नात दहा सेकंद मोजले, दोन्ही टोकांना डोळ्यांनी खूण केली. मधलं अंतर सरासरी १३ सेकंद भरलं आणि जागेपणीचा अंदाजही साधारण तितकाच चुकत होता. म्हणजे मनातलं घड्याळ झोपेत बदलत नव्हतं.

मग उठाबशांनाच जास्त वेळ का? २०१४ मध्ये एर्लाखर आणि सहकाऱ्यांनी हाच धागा पुढे नेला. स्वप्नात १०, २० आणि ३० आकडे मोजायचे, तितकीच पावलं चालायची, शिवाय कवायतीचा एक छोटा क्रम करायचा. तिन्ही कामांना स्वप्नात जास्त वेळ लागला, पण ठामपणे म्हणता येईल असा फरक चालण्यात आणि कवायतीतच होता. काम अवघड केलं किंवा लांबवलं म्हणून उशीर त्या प्रमाणाबाहेर वाढला नाही. दहा पावलांना जितक्या पट वेळ, साधारण तितक्याच पट तीस पावलांना.

कारणाबद्दल दोन तर्क आहेत. एक, आरईएम झोपेत मेंदूचं काम थोडं संथ चालत असावं. दुसरा मला जास्त पटतो. चालताना ‘टेकला पाय, आता पुढचा’ ही वर्दी आपल्याला स्नायू आणि सांधे देत असतात. स्वप्नात मेंदू हुकूम सोडतो, पण खालून वर्दी येत नाही, आणि तो प्रत्येक पावलाला किंचित खोळंबत असावा. अर्थात चालण्याच्या प्रयोगात माणसं आठ होती, मोजण्याच्या प्रयोगात पाचच. आयुष्यात एकदा तरी सजग स्वप्न पडल्याचं निम्म्याहून जास्त लोक सांगतात, पण तारा लावून, परक्या खोलीत, ठरल्या रात्री ते पाडून दाखवणारे विरळाच.

आता राहिली ती स्वप्नातली वर्षं. ती येतात कुठून? नाटकात पडदा पडतो, वर जातो आणि आपण मुकाट मान्य करतो की मध्ये दहा वर्षं गेली. ती दहा वर्षं कुणी रंगमंचावर जगत नाही. स्वप्नही असंच प्रवेश बदलतं. शिवाय ते आयती आठवण हातात ठेवतं. ‘या घरात आपण कधीचे राहतोय’ हे स्वप्नात नुसतं ठाऊक असतं, तिथे राहायला एक सेकंदही गेलेला नसतो. मोरीची राज्यक्रांती बहुधा अशीच, थोडी पाहिलेली आणि बरीचशी ठाऊक असलेली.

२०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या चार प्रयोगशाळांनी एकत्र येऊन दाखवलं, की स्वप्नात असलेल्या माणसाला बाहेरून प्रश्नही विचारता येतो. ‘आठ वजा सहा?’ याला झोपलेल्या तरुणाने डोळे दोनदा डावी-उजवीकडे फिरवून उत्तर दिलं. एकूण १५८ प्रश्नांपैकी बरोबर उत्तरं १८ टक्क्यांच्या आसपासच आली, पण दार उघडलं आहे. मला आता वाट आहे ती एका साध्या प्रश्नाची. स्वप्नात कुणी दूरच्या प्रवासाला निघालेलं असताना बाहेरून हळूच विचारावं, ‘निघाल्याला किती मिनिटं झाली?’ आणि डोळ्यांच्या फेऱ्या मोजाव्यात.