नंबर बोटीचा, मालकी कुणाची?

अमेरिकेतल्या मेन राज्यात घेतलेली १९९५ सालची १८ फुटी मोटरबोट न्यूयॉर्क राज्याच्या नोंदणी खिडकीवर एकाच कागदापाशी अडते: टायटल, म्हणजे राज्याने दिलेलं मालकीपत्र. विकणाऱ्याने ते दडवलेलं नसतं. मेनमध्ये बोटीला टायटल मिळतच नाही. न्यूयॉर्कला मात्र १९८७ पासूनच्या, १४ फूट किंवा त्याहून लांब मोटरबोटींसाठी ते हवं असतं. या भानगडीचं मूळ १९५८ च्या केंद्रीय कायद्यात आहे.

त्याआधी, १९१८ पासून, यांत्रिक बोटींना केंद्र सरकारच नंबर देत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटरबोटी वाढल्या आणि १९५८ मध्ये हे काम राज्यांकडे सोपवलं गेलं, नमुना मात्र देशभर एकच: आधी राज्याची दोन अक्षरं, मग आकडे, मग पुन्हा अक्षरं, उंची किमान ३ इंच, पुढच्या भागात दोन्ही अंगांना. आरंभी १० अश्वशक्तीपर्यंतच्या बोटी सुटल्या होत्या. १९७१ च्या कायद्याने त्याही आत घेतल्या.

नंबर सक्तीचा झाला, मालकीचा प्रश्न राज्यांच्या मर्जीवर राहिला. माझ्या मते ते अर्धवट काम होतं. आपल्याकडे सातबाऱ्याचं जे होतं तेच इथे रजिस्ट्रेशनचं. सातबारा महसुलासाठीची नोंद. त्यावर नाव आहे एवढ्याने मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी कितीदा सांगितलं, तरी लोक तोच दाखवतात. बिल ऑफ सेल म्हणजे आपलं खरेदीखत. आणि टायटल? मालक कोण आणि बोटीवर कर्ज कुणाचं, हे राज्याने स्वतः लिहून दिलेला कागद. जिथे टायटल नाही तिथे जुनं रजिस्ट्रेशन आणि खरेदीखत यांवरच भागवायचं. चोरीची बोट अशा राज्यात नोंदवून मग टायटलवाल्या राज्यात आणली, की तिला अगदी अस्सल टायटल मिळू शकतं. छोट्या होडीवाल्याला आणखी एक फी आणि खेटे कशाला, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दाही खोटा नाही.

१ नोव्हेंबर १९७२ पासून कारखान्यातच बोटीला १२ अक्षर-आकड्यांची ओळख मिळू लागली. मागच्या फळीवर, उजव्या बाजूला वर, हात फिरवला की ती सहसा जाणवते. त्याआधीच्या बोटीला राज्य ती नव्याने देतं, आणि मग तिसरं अक्षर झेड असतं. १९८४ पासून तीच ओळख आत कुठेतरी लपवून दुसऱ्यांदाही घालावी लागते. वरची खरवडलेली दिसली तर सौदा तिथेच सोडावा.

ट्रेलरचा या सगळ्याशी संबंध नाही. कायद्याच्या लेखी ते रस्त्यावरचं वाहन. टेक्ससमध्ये तर बोटीचं खातं वेगळं, ट्रेलरचं वेगळं, आणि आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या, इंजिनाला स्वतःचं टायटल. मेनमध्ये ३,००० पौंडांपर्यंतच्या ट्रेलरला टायटल नाही, म्हणजे आपल्या खरेदीदाराला दोन्हीकडे खरेदीखतच.

२०११ मध्ये राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार झाला: १६ फुटांची किंवा १० अश्वशक्तीची बोट असेल तर टायटल, आणि बोटीच्या सांगाड्याला मोठी इजा झालेली असेल तर तशी नोंद टायटलवरच. तो मोजक्याच राज्यांनी घेतला.

तोवर परराज्याचा नंबर नव्या राज्यात किमान ६० दिवस चालतो. मग ती अक्षरं सोलून काढायची. उन्हात फिकटलेल्या जेलकोटवर, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या रंगीत थरावर, त्यांच्याखालचा भाग गडद राहिलेला असतो, आणि मेनचा नंबर पुढची कित्येक वर्षं वाचता येतो.