वार्ड सभा आणि ग्रामसभा: मागणी कुठे करायची, हिशोब कुठे मागायचा

कर्नाटकातला खानापूर तालुका असो, बेळगावचा पश्चिम भाग असो की निपाणीकडची गावं, ग्रामसभेत एक प्रसंग वारंवार घडतो. कुणीतरी उठून तावातावाने विचारतो, ‘आमच्या वाडीला गटार कधी करणार?’ पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, कागद चाळून सांगतात, ‘तुमच्या वार्ड सभेतून तशी मागणीच आलेली नाही.’ विचारणारा खाली बसतो. वार्ड सभा कधी झाली हेच त्याला ठाऊक नसतं.

या दोन सभांची गल्लत आपल्याला महाग पडते. कर्नाटक ग्रामस्वराज आणि पंचायत राज कायदा 1993 चा आहे. इथे एका ग्रामपंचायतीत बहुतेकदा चार-पाच गावं आणि वाड्या असतात. साधारण 400 लोकसंख्येमागे एक सदस्य निवडून येतो आणि हे सदस्यच आपल्यातून अध्यक्ष निवडतात. त्यामुळे महाराष्ट्रातल्या चंदगड-कागलकडच्या पाहुण्यांकडून ऐकलेला सरपंच इथे शोधू नये.

वार्ड सभा म्हणजे एका वार्डातल्या मतदारांची बैठक. तिथला निवडून आलेला सदस्य ती चालवतो. पथदिवा कुठे, सार्वजनिक नळ कुठे, कुठलं काम आधी, घरकुलाला खरा गरजू कोण, हे इथे सुचवायचं असतं. ग्रामसभा सगळ्या पंचायतीची असते. वार्डांतून आलेल्या मागण्या तिथे एकत्र होतात आणि क्रियायोजना, म्हणजे करायच्या कामांचा आराखडा, लोकांपुढे येते. वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षणातले आक्षेपही तिथेच मांडायचे असतात. दोन्ही सभा सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हव्यात. कोरम, म्हणजे किमान हजेरी, वार्ड सभेला 10 टक्के मतदार किंवा 20 जण, ग्रामसभेला 10 टक्के किंवा 100 जण, यातला कमी आकडा.

माझ्या मते लहान वाड्यांवर अन्याय होतो तो इथेच. ग्रामसभा बहुधा पंचायत कचेरीच्या गावात भरते, म्हणून गर्दीही त्याच गावची. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या लांबच्या वाडीवरून रोपलावणीच्या दिवसांत किती माणसं येणार? आलीच तरी त्यांचा आवाज गर्दीत बुडतो. मग टाकीजवळच्या गल्लीत चांगले पेव्हर उखडून नवे बसतात आणि वाडीच्या टोकाचा नळ उन्हाळाभर कोरडा राहतो. वार्ड सभेत मात्र वाडीतल्या बायका मारुतीच्या देवळासमोर बसून तो कोरडा नळ सदस्याला बोट करून दाखवू शकतात. एवढी हक्काची जागा आपण फुकट घालवतो. पुष्कळ ठिकाणी वार्ड सभा कागदावरच होते. रजिस्टर घरोघर फिरतं, मजकूर कन्नडमध्ये असतो, आणि कशावर सही करतोय ते न कळताच आपण सही करतो.

म्हणून सही करण्याआधी मजकूर मराठीत वाचून दाखवायला सांगा. कन्नड वाचणारी मुलं आता घरोघरी आहेत, त्यांना सोबत बसवा. शेवटच्या ठरावाखाली कोरी जागा असेल तर तिथे आडवी रेघ मारायला लावा. मागणीही नेमकी लिहून घ्या: कुठल्या घरापासून कुठल्या घरापर्यंत गटार, किती फूट.

पैसा कुठल्या खात्यातला, हेही बघावं लागतं. 15 व्या वित्त आयोगाच्या अनुदानात 2021-22 ते 2025-26 या काळात 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती. त्या बांधलेल्या रकमेतून रस्ता मागितला तर नकार ठरलेला होता.

ग्रामसभेला जाताना प्रश्न वेगळे न्यावेत. गेल्या वर्षी कुठल्या वार्डाला किती रक्कम गेली? वार्ड सभेच्या यादीत वर असलेलं काम मागे का पडलं? बिल निघालेलं काम जागेवर आहे का? ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पंचायतीचा आराखडा आणि खर्च कुणालाही पाहता येतो. तो मोबाईलवर उघडून कुणी सभेत बसलं, की उत्तरं देणाऱ्याला मोघम बोलता येत नाही.

तोंडी उत्तर मिळालं तर ते प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहायला लावा. वार्ड सभा झालीच नाही अशी शंका असेल तर 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात तिच्या इतिवृत्ताची आणि सह्यांच्या पानाची प्रत मागता येते. उत्तराची मुदत 30 दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, म्हणून दोन सभांसाठी दोन अर्ज करा. सह्यांच्या पानावर गावाबाहेर कामाला असलेल्यांची नावं निघाली, तर ती प्रत जोडून तालुका पंचायतीच्या कार्यकारी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.