स्फोट बॉयलरचा नसतो तेव्हा

23 मे 2024 रोजी डोंबिवली एमआयडीसीत एका कारखान्यात स्फोट झाला. पहिल्या काही तासांच्या बातम्यांत सगळीकडे एकच शब्द होता: बॉयलर. फुटला होता तो रासायनिक अभिक्रिया घडवायचं बंद भांडं, म्हणजे रिअ‍ॅक्टर. हा फरक नुसता नावाचा नाही. बॉयलरमध्ये पाणी असतं आणि त्याला उष्णता इंधनाकडून मिळते. इंधन तोडलं की ती यायची थांबते. रिअ‍ॅक्टरमध्ये उष्णता आतल्या मालातूनच निघते आणि ती बंद करणारी कळ कुठेच नसते. आपल्या हातात असतं ते फक्त ती वेळेवर बाहेर काढणं. त्याचा हिशेब बारावीच्या रसायनशास्त्रावर मांडता येतो, आणि कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनाही तो माहीत असायला हवा.

समजा, 5 किलोलिटरचा, भोवती थंड पाणी फिरवायचं जॅकेट असलेला रिअ‍ॅक्टर आहे. आत 5,000 किलो माल, त्याचा विशिष्ट उष्मा किलोमागे, दर अंशाला 2 किलोज्यूल. दर किलोत अभिक्रिया होणारा पदार्थ 3 मोल, आणि मोलमागे 100 किलोज्यूल उष्णता सुटते. म्हणजे किलोमागे 300 किलोज्यूल. भागिले 2, उत्तर 150. थंड करण्याची सोय पूर्ण बंद पडली आणि सगळा माल अभिक्रिया करून बसला, तर तापमान 150 अंशांनी चढेल. 80 अंशांवर चालणारी बॅच 230 वर जाईल. कोणतीही नवी प्रक्रिया कारखान्यात नेण्याआधी हा आकडा काढायलाच हवा. त्याला दोन मिनिटं लागतात.

पण 150 अंश किती वेळात चढतील? इथे वेग येतो. पहिल्या कोटीची अभिक्रिया धरू, 80 अंशांवर वेगस्थिरांक सेकंदाला 0.0001, म्हणजे उरलेल्या मालाचा दहा हजारावा भाग दर सेकंदाला संपतो. 90 टक्के माल संपायला 6.4 तास लागतात आणि 99 टक्के व्हायला 12.8. शेवटच्या 9 टक्क्यांना पहिल्या 90 टक्क्यांइतकाच वेळ! म्हणून उत्पादन विभागाकडून हमखास सूचना येते: तापमान दहा अंशांनी वाढवू, बॅच एका शिफ्टमध्ये बसेल.

अ‍ॅरेनियसने 1889 मध्ये मांडलेल्या, वेग आणि तापमान जोडणाऱ्या समीकरणात तापमान घातांकात बसलेलं आहे. सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया व्हायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, 80 किलोज्यूल प्रति मोल धरली, तर 80 वरून 90 अंशांवर जाताना वेग 2.1 पट होतो. ‘दर दहा अंशांना वेग दुप्पट’ हा पाठ केलेला नियम मात्र सार्वत्रिक नाही. हीच अभिक्रिया 27 वरून 37 अंशांवर नेली तर वेग 2.8 पट होतो.

आता उष्णतेची जमाखर्चाची वही उघडू. 80 अंशांवर, सगळा माल ताजा असताना, उष्णता सुटते 150 किलोवॉट. जॅकेटचं क्षेत्रफळ 12 चौरस मीटर, त्यात 30 अंशांचं पाणी, उष्णता-वहनाचा गुणांक 300 वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश. बाहेर काढता येतात 180 किलोवॉट. ठीक चाललंय. 90 अंशांवर सुटते 318 आणि निघते 216. 100 अंशांवर सुटते सुमारे 645, निघते 252. काढण्याची क्षमता सरळ रेषेत वाढते, सुटणारी उष्णता वक्ररेषेत उसळते. दोन्ही रेषा 83 अंशांच्या जरा पुढे एकमेकींना छेदतात. म्हणजे चालवण्याचं तापमान आणि हाताबाहेर जाण्याचं तापमान यांत अंतर फक्त तीन अंशांचं. जॅकेटमध्ये क्षार साचून गुणांक 300 वरून 250 वर आला, तर तेही उरत नाही. माल संपत जातो तशी उष्णता कमी होते, त्यामुळे खरा धोका सुरुवातीला असतो. या दोन रेषांची आकृती निकोलाय सेमेनोव यांनी 1928 च्या सुमारास मांडली. 1956 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना हिन्शेलवूड यांच्यासोबत मिळालं.

प्रयोगशाळेत हे जाणवत नाही, कारण एक लिटरच्या गोल फ्लास्कला घनमीटरमागे सुमारे 48 चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. आपल्या रिअ‍ॅक्टरला मिळतो 2.4, वीसपट कमी. फ्लास्कमध्ये ‘काहीच झालं नाही’ हा सुरक्षिततेचा पुरावा होऊ शकत नाही. रिअ‍ॅक्टरच्या मॅनहोलला (वरच्या तोंडाला) लिंबू-मिरची बांधलेली असते, तोही नाही. खंडेनवमीला यंत्राची पूजा जरूर करावी, पण त्याच दिवशी जॅकेट साफ आहे का, तेही पाहावं.

पाणी बंद पडलं तर? 150 किलोवॉट आणि 10,000 किलोज्यूल प्रति अंश उष्माधारिता, म्हणजे मिनिटाला 0.9 अंश. सुरुवात संथ वाटते. पहिल्या दहा अंशांना जवळपास आठ मिनिटं मिळतात. मालाची घट सोडून दिली तर टोकाचा वेग गाठायला एकूण सुमारे 14 मिनिटं. एवढ्या वेळात ऑपरेटरने अलार्म ओळखायचा, पंप तपासायचा, वरिष्ठांना फोन करायचा.

म्हणून शहाणे कारखाने सगळा माल एकदम भरत नाहीत. एक पदार्थ आधी घेऊन दुसरा सहा तासांत थेंबाथेंबाने सोडतात, त्याला डोसिंग म्हणतात. उष्णता डोसिंगच्या वेगाने सुटते आणि काही बिघडलं तर व्हॉल्व्ह बंद करता येतो. आणि इथेच सगळ्यात घातक गैरसमज आहे: ‘थंड ठेवलं की सुरक्षित.’ थंड मालात सोडलेला पदार्थ अभिक्रिया न करता साठत जातो. आपल्याच आकड्यांनी सहा तासांच्या डोसिंगअखेरचा साठा काढा, पहिला पदार्थ भरपूर आहे असं धरून. 60 अंशांवर सोडलेल्यापैकी 82 टक्के पदार्थ तसाच पडून असतो, 80 वर 41 टक्के, 90 वर 22 टक्के. त्या क्षणी थंडावा गेला, तर 60 ची बॅच 182 अंशांवर जाते, 80 ची 141 वर आणि 90 ची फक्त 122 वर. सगळ्यात थंड बॅच सगळ्यात वर चढते! टोल्युइन 111 अंशांना उकळतं. ते द्रावक असेल आणि वाफेला थंड करून पुन्हा द्रव करणारा वरचा कंडेन्सर पुरेसा मोठा असेल, तर 122 वाली बॅच उकळून उष्णता तिथेच सोडू शकते. 182 वालीसाठी तो कंडेन्सर कित्येक पट मोठा लागेल.

अ‍ॅजिटेटर (ढवळणारा पंखा) बंद पडला तरी साठा असाच होतो. दोन थर वेगळे होतात, तापमान उतरतं, ऑपरेटरला वाटतं सगळं शांत आहे. मग मोटर दुरुस्त करून पुन्हा चालू केली की साठलेलं सगळं एकदम भेटतं. म्हणून नियम असा: ढवळणं थांबलं की डोसिंग आपोआप तुटलं पाहिजे, आणि पुन्हा ढवळण्याआधी साठा किती, हे नमुना काढून मोजलं पाहिजे.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये 19 डिसेंबर 2007 रोजी टी-टू लॅबोरेटरीज या कारखान्यातला सुमारे 9,300 लिटरचा रिअ‍ॅक्टर फुटला. चार जण मेले, 32 जखमी झाले. तिथे पेट्रोलमध्ये मिसळायचं मँगनीजचं संयुग बनत होतं. एक लिटरच्या रिअ‍ॅक्टरात शंभरावर चाचण्या झाल्या होत्या. मोठ्या रिअ‍ॅक्टरात सुरुवातीच्या दहापैकी तीन बॅचमध्ये तापमान अनपेक्षित चढलं, तरी उत्पादन चालू राहिलं, आणि 42 व्या बॅचपासून माल एक तृतीयांशाने वाढवला गेला. थंडाव्यासाठी शहराच्या नळाचं पाणी, पर्यायी सोय नाही. 175 व्या बॅचला थंड करणं जमलं नाही. सुमारे 199 अंशांवर अभिक्रियेतलं सोडियम द्रावकावरच, म्हणजे डायग्लाइमवर, तुटून पडलं. ही दुसरी अभिक्रिया पहिलीपेक्षा जास्त जोरकस होती. चौकशीत छोट्या कॅलरीमापीत (उष्णता मोजणाऱ्या उपकरणात) नमुना तापवल्यावर दोन्ही उसळ्या स्पष्ट दिसल्या. रिअ‍ॅक्टरवरची रप्चर डिस्क, म्हणजे ठरलेल्या दाबाला फाटून आतला दाब मोकळा करणारी चकती, 400 पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं एकक) फाटणारी होती. ती 75 ला फाटणारी असती, तर पहिल्याच उसळीत दाब बाहेर पडला असता आणि दुसरी सुरू होण्याआधी माल थंडावण्याची शक्यता होती.