शपथ कुणाची, निष्ठा कुणाशी?

विधानसभेत नवे आमदार शपथ घेतात तेव्हा कुणी ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ म्हणतं, तर कुणी ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’. देवाचं नाव न घेणाऱ्या या दुसऱ्या पर्यायासाठी ब्रिटनमध्ये एका माणसाला सहा वर्षं झुंजावं लागलं होतं.

चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्थहॅम्प्टनमधून पार्लमेंटवर निवडून आले. ते उघड नास्तिक. देवाचं नाव न घेता वचन देतो म्हणाले, तर परवानगी नाही. बरं, शपथच घेतो म्हणाले, तर नास्तिकाच्या तोंडी ती शोभणार नाही म्हणून तीही घेऊ देईनात. त्यांना एक रात्र बिग बेनच्या मनोऱ्यात कोंडलं. ऑगस्ट १८८१ मध्ये पोलिसांनी ओढत बाहेर काढलं, त्या झटापटीत अंगावरचा कोट फाटला. मतदार मात्र प्रत्येक पोटनिवडणुकीत त्यांनाच निवडून देत राहिले. अखेर १८८६ मध्ये सभापतींनी कुणाचाही आक्षेप न ऐकता त्यांना शपथ दिली. १८८८ च्या कायद्याने देवाविना प्रतिज्ञेचा हक्क सर्वांना मिळाला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८९ मध्ये, ब्रॅडलॉ मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते.

ज्याचा विश्वास नाही त्याच्याकडून शपथ वदवून घेणं म्हणजे लोकप्रतिनिधीला पहिल्याच दिवशी खोटं बोलायला लावणं. ब्रॅडलॉ यांच्या लढ्याचं नैतिक मोल मला यात दिसतं.

दुसरा प्रश्न, निष्ठा कुणाशी? १९३७ मध्ये स्वातंत्र्य मागणाऱ्या काँग्रेसच्या आमदारांनाही, अगदी मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री झालेल्या बाळासाहेब खेरांनाही, ब्रिटिश राजाच्या निष्ठेची शपथ घ्यावी लागली. संविधानाने ही गाठ सोडवली. आता ‘खरी श्रद्धा व निष्ठा’ संविधानाशी असते, आणि ते बदलायची वाट त्यातच, कलम ३६८ मध्ये, आहे. म्हणून एखाद्या कलमाला कडाडून विरोध करणाऱ्यालाही ही शपथ मनापासून घेता येते. सत्ता हाती घेणाऱ्याने आधी मर्यादा मान्य करावी, ही मागणी रास्तच आहे.

१९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने या शपथेत ‘सार्वभौमता व एकात्मता’ आली. रोख तामिळनाडूतल्या द्रमुक पक्षाच्या, द्रविडनाडू या वेगळ्या देशाच्या मागणीवर होता. द्रमुकचे नेते अण्णादुरै राज्यसभेत या दुरुस्तीच्या विरोधात बोलले, तरी पक्षाने ती मागणी सोडली. या दुरुस्तीपासून निवडणुकीच्या नुसत्या उमेदवारालाही ही शपथ घ्यावी लागते. त्याच्या हाती अजून कोणतीच सत्ता आलेली नसते, म्हणून ही तरतूद मला आजही खटकते.