लॅपटॉपचं मासिक भाडं: विक्रीच्याही आधीची पद्धत

लॅपटॉप विकत न घेता दरमहा पैसे भरून वापरणं नवं वाटतं, पण संगणकाच्या धंद्यात भाडं आधी आलं आणि विक्री नंतर. हर्मन हॉलरिथने 1890 च्या अमेरिकी जनगणनेला आपली पंचकार्ड यंत्रं, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून मोजणी करणारी यंत्रं, भाड्यानेच दिली. पुढे आयबीएमनेही तोच शिरस्ता चालवला: यंत्र कंपनीचं, दुरुस्ती कंपनीची, ग्राहकाने फक्त भाडं भरायचं. कार्डंही आमच्याचकडून घ्या, ही तिची अट 1936 साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. जानेवारी 1956 मध्ये सरकारशी झालेल्या तडजोडीनंतर तिला यंत्रं विकायलाही काढावी लागली. तरी भाडं टिकलंच. 1959 च्या 1401 संगणकाचं भाडं महिना 2,500 डॉलरपासून सुरू होत असे.

विक्री खुली झाल्यावर तिसऱ्याच कंपन्या मध्ये आल्या. आयबीएमचं यंत्र विकत घ्यायचं आणि तिच्यापेक्षा स्वस्तात भाड्याने द्यायचं, असा त्यांचा धंदा. मुदत संपल्यावर यंत्राला काय किंमत येईल, या एका अंदाजावर सगळा हिशेब उभा होता. जानेवारी 1979 मध्ये आयबीएमने कमी किमतीत जास्त ताकदीची 4300 मालिका जाहीर केली आणि जुन्या यंत्रांचे भाव कोसळले. आयटेल ही बडी भाडेकंपनी 1981 साली दिवाळखोरीत गेली. ग्राहकांनी करार मध्येच सोडले तर भरपाई देण्याचा विमा भाडेकंपन्यांनी लंडनच्या लॉइड्स या विमाबाजारात उतरवलेला होता. तिथल्या विमेदारांनाही जबर फटका बसला. मुदतीनंतर यंत्राची किंमत कोसळण्याची हीच जोखीम आजच्या मासिक दरातही धरलेली असते.

घरगुती ग्राहकापर्यंत ही पद्धत 1998-99 मध्ये पोचली. पीपलपीसी ही कंपनी महिना 24.95 डॉलरमध्ये तीन वर्षं संगणक आणि इंटरनेट देत असे. मात्र खरा नमुना 2011 चा. गूगलने कंपन्यांना क्रोमबुक, म्हणजे आपल्या क्रोम ओएस प्रणालीवर चालणारा लॅपटॉप, महिना 28 डॉलर दराने, तीन वर्षांच्या करारावर देऊ केलं. म्हणजे एकूण 1,008 डॉलर, तेही सॅमसंगचं वायफाय क्रोमबुक 429 डॉलरला विकत मिळत असताना. वरचे पैसे यंत्राचे नव्हते. ते देखरेख, मदत आणि बिघडलं तर बदलून देण्याचे होते. कोणतीही योजना तपासताना एकूण भाड्यातून विकतची किंमत वजा करण्याचा हाच हिशेब आधी करावा, आणि उरलेल्या रकमेत नेमकं काय मिळतं ते करारात शोधावं. पडून फुटलेला पडदा किंवा सांडलेलं पाणी बऱ्याचदा त्यात धरलेलं नसतं.

आज 24 ते 36 महिन्यांची मुदत सर्रास दिसते. त्यामागे बॅटरीचाही हिशेब आहे: अनेक लॅपटॉपच्या बॅटरीची क्षमता 300 ते 500 पूर्ण चार्जिंगनंतर सुमारे 80 टक्क्यांवर येते. बॅटरी बदलण्याचा खर्च कुणाचा, हे म्हणूनच लेखी हवं.

परत करताना गडबड होते ती खात्यांची. कंपनीने विंडोज ऑटोपायलटमध्ये (कंपनीचे लॅपटॉप दुरून बसवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेत) नोंदवलेला लॅपटॉप नुसता फॉरमॅट करून भागत नाही. हार्डवेअरची नोंद मायक्रोसॉफ्टकडे कायम राहते आणि पुढच्या माणसाला सुरुवातीलाच जुन्या कंपनीचं लॉगिन विचारलं जातं. मॅकवर ॲक्टिव्हेशन लॉकमुळे (यंत्र आधीच्या ॲपल खात्याशी बांधून ठेवणाऱ्या कुलपामुळे) अशीच अडवणूक होते. क्रम असा ठेवावा: बॅकअप, डिस्क एन्क्रिप्शनची रिकव्हरी की (कुलूपबंद डिस्क उघडणारा संकेतांक) जपून ठेवणं, खात्यातून यंत्र काढणं, मग डिस्क पुसणं आणि शेवटी परतीची पावती घेणं. पावती नसेल तर भाडं चालूच राहण्याचा धोका असतो.