सोलापुरात बसून पुण्याचं काम: पार्श्वभूमी

१९७३ साली अमेरिकेत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, त्याच वर्षी जॅक निलेस यांनी ‘टेलिकम्युटिंग’, म्हणजे ऑफिसला न जाता दुरूनच काम करणं, हा शब्द रूढ केला. माणसं कामाकडे नेण्याऐवजी काम माणसांकडे न्यावं, असा त्यांचा सरळ हिशोब होता. १९७९ मध्ये आयबीएमने पाच कर्मचाऱ्यांच्या घरी टर्मिनल (ऑफिसच्या संगणकाला जोडलेलं यंत्र) बसवून तो पडताळून पाहिला. याच आयबीएमने २०१७ मध्ये बऱ्याच जणांना ऑफिसात परत बोलावलं, हेही नोंदवायला हवं.

आपल्याकडे गाडी आधी तारेपाशी अडली. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) वेग म्हणजे ब्रॉडबँड! पुढच्या वर्षी बीएसएनएलची सेवा आली, तीही टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून. घर एक्स्चेंजपासून जितकं लांब, तितका वेग कमी. त्यात डाउनलोडच्या मानाने अपलोड फारच तोकडं, त्यामुळे समोरच्याचा आवाज नीट यायचा आणि आपला तुटायचा.

तारेपेक्षा नियमांची गाठ अवघड होती. सॉफ्टवेअर निर्यातदारांसाठीच्या सरकारी एसटीपीआय योजनेत आयात शुल्क न भरता आणलेले संगणक बॉन्डेड, म्हणजे कस्टम्सने ठरवून दिलेल्या, जागेत ठेवावे लागत, सहज घरी नेता येत नसत. कॉल सेंटर आणि बीपीओंना दूरसंचार विभागाकडे ओएसपी, म्हणजे ‘इतर सेवा पुरवठादार’, अशी नोंदणी लागे. २००८ च्या अटींत घरून कामाची मुभा होती, पण एक कोटी रुपये अनामत ठेवून. सोलापूरकराला याची गंमत वाटावी. कारखान्यातून पानं-तंबाखू आणून घरी विड्या वळणाऱ्या बाईला १९६६ च्या कायद्याने कधीच कामगार मानलंय. संगणकवाल्यांची ती अनामत सुटायला १३ मार्च २०२० उजाडलं, तेही तात्पुरतं. त्या नोव्हेंबरात ओएसपीचे नियम कायमचे सैल झाले. सेझमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) कंपन्यांसाठी जुलै २०२२ मध्ये घरून कामाचा ४३अ हा नियम आला: तेव्हा मुभा निम्म्या कर्मचाऱ्यांना, जास्तीत जास्त एक वर्ष.

पुढे ‘आठवड्यातून तीन दिवस ऑफिस’ सुरू झालं. पिंपरीत राहणाऱ्याला ती सवलत असेल; अडीचशे किलोमीटरवरच्या सोलापूरकराला ती नाहीच, हुतात्मा एक्सप्रेस कितीही वेळेवर धावली तरी.

पूर्ण घरून काम मिळालं, तरी घरच्या अडचणी राहतातच. छोटी वेबपानं उघडतात, पण व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट) लावला की मोठी फाइल मध्येच अडकते, ही तक्रार नेहमीची. पीपीपीओई जोडणीत, म्हणजे यूजरनेम-पासवर्ड घालून सुरू होणाऱ्या नेटमध्ये, एमटीयू (माहितीच्या एका पॅकेटचा कमाल आकार) १५०० ऐवजी १४९२ बाइट असतो, त्यात व्हीपीएनची वेष्टनं चढतात आणि मोठी पॅकेट वाटेतच गळतात. व्हीपीएनचा एमटीयू १४०० वर आणला की बहुतेकदा सुटतं.

वीज गेल्यावरचं गणित असं: लॅपटॉप ६० वॅट, मोडेम १२, पंखा ७०. इन्व्हर्टरची दीडशे एएचची बॅटरी निम्मी वापरली तर हे पाचेक तास चालतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी भराभर उडतं; एप्रिल-मेमध्ये दर पंधरवड्याला पातळी पाहावी, डिस्टिल्ड वॉटरच घालावं. एवढं करूनही कधी इन्व्हर्टर चालू आणि नेट बंद. कारण बहुधा शेजारच्या गच्चीवर असतं: तिथल्या केबलवाल्याच्या डब्यात घरोघरी नेट वाटणारा जो स्विच असतो, त्याला विजेचा बॅकअपच नसतो. थेट घरात येणाऱ्या जीपॉन पद्धतीच्या फायबरमध्ये ऑपरेटरच्या केंद्रापासून घरापर्यंत मध्ये वीज लागतच नाही. म्हणून जोडणी घेताना वेग विचारण्याआधी विचारावं, घरात फायबर येणार की त्या डब्यापासून लॅन केबल?