कामाच्या ठिकाणचे आरोग्य आणि सार्वजनिक आरोग्य

कामाच्या ओघात माणसाच्या शरीरावर व मनावर जे परिणाम होतात, ते त्याच्यापुरते राहत नाहीत. घरची माणसे, शेजारपाजार आणि पुढे सगळ्या समाजाच्या आरोग्यात ते उतरतात. या संबंधाचा अभ्यास व्यावसायिक आरोग्य व सार्वजनिक आरोग्य या दोन शाखांच्या सीमेवर होतो. कारभाराच्या सोयीसाठी अनेक देशांत पहिला विषय कामगार खात्याकडे आणि दुसरा आरोग्य खात्याकडे दिलेला असतो. रोग मात्र खाते विचारून येत नाही.

इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली वेगवेगळ्या धंद्यांतील रोगांवर ग्रंथ लिहिला. रुग्ण तपासताना ‘तुम्ही काम काय करता?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १७७५ मध्ये इंग्लंडमधील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुरांडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. एवढा काळ लोटला तरी केसपेपरवर व्यवसायाचा रकाना बहुधा कोरा किंवा ‘नोकरी’ या एका शब्दाने भरलेला आढळतो.

कारखान्यातला धोका घरी कसा पोहोचतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अ‍ॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचे आहे. दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांतात निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरात मेसोथेलिओमा या फुप्फुसाच्या आवरणाच्या दुर्मीळ कर्करोगाचे ३३ रुग्ण १९६० साली नोंदवले गेले. त्यांतले काही जण खाणीत कधी उतरलेच नव्हते, नुसते त्या भागात राहत होते. लंडनमधील १९६५च्या पाहणीत रोग कामगारांच्या घरातही सापडला. कामावरून आलेले कपडे झटकायचे आणि मग धुवायचे, या रोजच्या कामात घरातल्या बाईच्या श्वासातून तंतू आत जात. रोग प्रकट व्हायला वीस ते चाळीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जात असल्याने तोवर कारखाना बंद झालेला असायचा आणि जबाबदारी कोणाची हा प्रश्न लोंबकळत राहायचा. शिशाची धूळही केस, बूट व कपड्यांवरून घरात येते आणि रांगणाऱ्या मुलांच्या पोटात जाते. कामाच्या जागीच अंघोळीची व कपडे बदलण्याची सोय केली, तर हा मार्ग बऱ्याच अंशी बंद होतो.

संसर्गजन्य रोगांत ही वाट आणखी जवळची असते. दगड फोडताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसातील संरक्षक पेशींना निकामी करते, त्यामुळे क्षयरोगाचा धोका वाढतो. त्यात दाटीवाटीच्या निवासांची भर पडली की खाणीतला क्षय सुट्टीवर निघालेल्या मजुराबरोबर त्याच्या गावी जातो. २०२० मध्ये कोविडचे मोठे उद्रेक जर्मनी व अमेरिकेतील मांसप्रक्रिया कारखान्यांत झाले. थंड हवा, खांद्याला खांदा लावून काम आणि यंत्रांच्या आवाजावर ओरडून बोलणे हे सगळे तिथे एकत्र आले होते. अंगात ताप असताना कामावर जाण्याला पुष्कळदा निष्काळजीपणा म्हटले जाते. पण ज्याचा खाडा झाला की दिवसाची मजुरी बुडते, त्याला घरी थांबणे परवडत नाही. म्हणूनच भरपगारी आजारपणाची रजा हा साथनियंत्रणाचा उपाय ठरतो. हॉटेलातील स्वयंपाकघर, वृद्धाश्रम व पाळणाघर येथे तर विशेषच.

दीर्घकालीन विकारांकडे या दृष्टीने पाहण्याची सुरुवात लंडनच्या दुमजली बसमध्ये झाली, असे म्हणायला हरकत नाही. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस व सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवले की, दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा सतत जिना चढ-उतर करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. पुढे याच मंडळींनी गणवेशांची मापे तपासली, तर चालकांच्या पँटी तरुण वयातही कंबरेला मोठ्या निघाल्या. सगळे श्रेय जिन्याला देता येणार नाही, हे त्यांनी स्वतःच दाखवले.

१९६७ पासून ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांवर झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासाने आणखी अडचणीची गोष्ट पुढे आणली. हे सगळे कायम नोकरीतले पुरुष होते, उपाशी कोणी नव्हते. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होता. धूम्रपान, रक्तदाब वगैरेंनी त्यातला थोडाच भाग उलगडला. १९८५ पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात स्त्रियाही होत्या. त्यात आपल्या कामावर आपले किती चालते, या घटकाचा हृदयविकाराशी संबंध दिसला. कामाच्या तासांचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१च्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करण्यामुळे २०१६ मध्ये पक्षाघात व हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले.

उपायांच्या बाबतीत कंपन्यांचा ओढा योगवर्ग, पावले मोजण्याच्या स्पर्धा आणि आहाराची व्याख्याने यांकडे असतो. अमेरिकेतील एका मोठ्या विक्री-साखळीत अशा कार्यक्रमाची यादृच्छिक चाचणी झाली, म्हणजे तो कुठे राबवायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले. २०१९ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, दीड वर्षानंतर व्यायाम केल्याचे सांगणारे लोक वाढले, पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, उपचारांचा खर्च व गैरहजेरी यांत लक्षणीय फरक पडला नाही. कामाच्या पाळ्यांचे वेळापत्रक तसेच ठेवून ताणमुक्तीचे वर्ग भरवण्याचा फायदा मर्यादितच राहणार. व्यावसायिक सुरक्षेत उपायांचा क्रम ठरलेला आहे: आधी धोका काढून टाका, नाहीतर त्याऐवजी कमी धोक्याचे काही वापरा किंवा तो बंदिस्त करा, मास्क व हातमोजे सर्वांत शेवटी. आयर्लंडने मार्च २००४ मध्ये कामाच्या बंदिस्त जागांत धूम्रपानाला देशभर बंदी घातली, ती पब व उपाहारगृहांतील कर्मचाऱ्यांना इतरांच्या धुरापासून वाचवण्यासाठी. त्याचा लाभ तिथे येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही झाला.

आकडेवारी वाचताना एक खबरदारी लागते. आजारी माणसे काम सोडतात किंवा त्यांना कामावर घेतलेच जात नाही. त्यामुळे कामगारांचा मृत्युदर सर्वसाधारण लोकांपेक्षा कमी दिसू शकतो आणि धोक्याचे काम निर्धोक भासते. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुरक्षित व आरोग्यदायी कार्यपरिसराचा समावेश कामाविषयीच्या मूलभूत तत्त्वांत व हक्कांत केला. मात्र याच संघटनेच्या २०१८च्या अंदाजानुसार जगातील सुमारे २०० कोटी, म्हणजे निम्म्याहून अधिक काम करणारे लोक अनौपचारिक कामात आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला ना रजा येते, ना कारखाना-निरीक्षक, ना आजाराची नोंद.